सरासरी पॅकेजची पडताळणी

लेकीला इंजिनिअरिंगला जागा मिळाली म्हणून घरात सगळे आनंदात होते. काटासाहेब तेवढे कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतल्या एका पानावर बोट ठेवून बसले होते. पानावर एक मुलगा आणि एक मुलगी, दोघांच्या अंगात कोट, आणि दोघंही वर कुठेतरी बघतायत. काय बघतायत ते छापलेलं नव्हतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमच्या विद्यार्थ्यांचं सरासरी पॅकेज: वर्षाला साडेआठ लाख.’

‘‘ह्यावर शिक्का कुणाचा आहे?’’ काटासाहेबांनी विचारलं.

बायकोने हातातली ताटली खाली ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला कळायचं की हा प्रश्न आला म्हणजे आठवडा गेला.

काटासाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक. बाजारातल्या दुकानांचे काटे तपासायचे, खरे असतील तर त्यांवर शिक्का मारायचा, खोटे असतील तर दंड करायचा, हे त्यांचं काम. काटासाहेब हे नाव बाजाराने ठेवलेलं, आणि ते घरापर्यंत कधी आलं ते त्यांनाही कळलं नाही. माणूस सरळ, पण शंकेखोर. लेक जन्माला आली तेव्हा नर्सने बाळाचं वजन सांगितलं, तर ह्यांनी आधी दुपट्याचं वजन वेगळं करायला लावलं होतं. नर्स अजून रस्त्यात दिसली तर तोंड फिरवते.

ह्या वजा करण्याला त्यांच्या धंद्यात धडा काढणं म्हणतात. तेल तोलायचं तर आधी रिकाम्या डब्याचं वजन बाजूला काढायचं, नाहीतर गिऱ्हाईक पत्र्याचे पैसे तेलाच्या भावाने देतं. काटासाहेबांचं ठाम मत होतं की जगातली निम्मी फसवणूक धडा न काढल्यामुळे होते. उरलेल्या निम्म्याबद्दल त्यांचं मत अजून बनायचं होतं.

आता प्रकरण साधं होतं. फी भरायची तर घरासाठी बाजूला ठेवलेली ठेव मोडायला लागणार होती. भाड्याच्या दोन खोल्यांतून स्वतःच्या तीन खोल्यांत जायचं म्हणून ती ठेव किती वर्षं वाढवत आणलेली, आणि बायकोने त्या न घेतलेल्या घराच्या खिडक्यांना मनातल्या मनात पडदेही लावून झालेले. फी नाही भरली तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच.

लेकीला काही शंका नव्हती. तिला लिफ्ट बनवायच्या होत्या. डॉक्टर, वकील, गायिका असलं काहीही नाही, लिफ्ट. का, असं विचारलं की ती म्हणायची, माणसं आत शिरतात, बटण दाबतात आणि गप्पा मारत राहतात, इतका विश्वास दुसऱ्या कुठल्या यंत्रावर ठेवतात सांगा. काटासाहेबांना उत्तर आवडलं होतं, पण उत्तराला वजन नसतं.

त्यांनी जाहीर केलं, ‘‘पडताळणी झाल्याशिवाय एक पैसा भरायचा नाही. वजन पुरतं भरलं तर मी एका शब्दाने आडवा येणार नाही. कमी भरलं तर मात्र साधी पदवी घ्यायची.’’

लेक म्हणाली, ‘‘चालेल. पण शुक्रवारच्या आत.’’

पडताळणीची सुरुवात जिन्यातच झाली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँकवाले राहायचे. सल्ला द्यायला माणूस मिळावा म्हणून ते दिवसातून चारदा खालीवर करायचे. त्या दिवशी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत बँकवाले. काटासाहेब जिन्याने खाली निघाले होते. अडकलेल्या माणसाला टाकून जाणं बरं दिसत नाही म्हणून ते थांबले. मग बँकवाल्यांनी जाळीतून बोलायला सुरुवात केली. फीची रक्कम विचारली, डोळे मिटले आणि चक्रवाढ व्याजाने ती लेकीच्या साठाव्या वाढदिवसापर्यंत नेऊन ठेवली. आकडा इतका मोठा झाला की काटासाहेबांना जिन्याचा कठडा धरावा लागला. ती रक्कम लेक काहीही न शिकता, घरी बसून, नुसत्या श्वासावर मिळवणार होती.

एवढ्यात लेक आली. तिने जाळीतून आत डोकावून बँकवाल्यांना अमुक बटण तीनदा दाबा म्हणून सांगितलं, लिफ्ट गचका खाऊन खाली गेली आणि बँकवाले गणितासकट दिसेनासे झाले. काटासाहेबांनी मनात टिपलं की सल्ला फुकट होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

दुसरी पडताळणी शेजारच्या वहिनींकडे. वहिनींचा मुलगा इंजिनिअर, आणि त्याच्या पगाराचा आकडा सगळ्या मजल्याला पाठ. तो दर दिवाणखान्यात थोडा थोडा वाढत गेलेला, पण पाया तर असेल, असा काटासाहेबांचा हिशेब. वहिनी आत गेल्यावर त्यांनी मुलाला थेट विचारलं, हातात किती येतात? मग घरभाडं, डबा, जाणंयेणं, शिकायला काढलेल्या कर्जाचा हप्ता, असा एकेक धडा काढत गेले. मुलगा आधी हसत होता. मग हसायचा थांबला. मग त्याने उठून दार लावलं आणि हळूच सांगितलं की आईला सांगितलेला आकडा आणि खरा आकडा ह्यांची गेल्या तीन वर्षांत गाठ पडलेली नाही.

‘‘काका, आईला सांगू नका,’’ तो म्हणाला. ‘‘तिला त्या आकड्याने बरं वाटतं.’’

काटासाहेबांनी शब्द दिला. पण शब्द पाळणं आणि चेहरा सांभाळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, सांगितलं ना पगाराचं? तर ह्यांनी इतक्या सहानुभूतीने त्यांच्याकडे बघितलं की वहिनींचा पारा चढला. दुसऱ्याच्या मुलाचं बघवत नाही काहींना, असं त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या. चहाचा कपही अर्धाच भरलेला होता, आणि ते काटासाहेबांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

एका नमुन्यावर निकाल द्यायचा नाही हा खात्याचा नियम. म्हणून बुधवारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि गावाबाहेरच्या मोठ्या काचेच्या ऑफिसांपुढे सुटायच्या वेळेला जाऊन उभे राहिले. गळ्यात खात्याचं ओळखपत्र, काखेत फाईल, चेहरा कामावरचा. पहिला इंजिनिअर बाहेर आला तसे ते पुढे झाले आणि म्हणाले, ‘‘शिक्षणाचं कर्ज किती राहिलंय?’’

पोरगा जागच्या जागी पांढरा पडला. पुढच्या महिन्यात नक्की भरतो म्हणाला, आणि पळाला. काटासाहेबांना नवल वाटलं. दुसऱ्यानेही तेच केलं. थोड्या वेळात आत बातमी पोचली की गेटवर वसुलीवाला उभा आहे, आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं ते सगळे मागच्या दाराने घरी गेले. पुढच्या दाराने फक्त ज्यांचं कर्ज नव्हतं तेच आले, निवांत, गाणी ऐकत. त्यांना विचारलं तर सगळं झकास होतं. ह्यामुळे नमुना साफ बिघडला. वर सुरक्षारक्षकाने येऊन, वय बघा काका आपलं, हे धंदे शोभतात का, असं सगळ्यांदेखत विचारलं. आयुष्यभर दुसऱ्यांना पकडणाऱ्या माणसाला दंडाला धरून फुटपाथवर आणून सोडलं. घरी आल्यावर त्यांनी ह्यातलं काही सांगितलं नाही, फक्त हात धुताना दंड दोनदा चोळला.

बायको म्हणाली, ‘‘अहो, पुरे आता. तिच्यावर विश्वास ठेवा की.’’

‘‘तिच्यावर आहेच. पुस्तिकेवर नाही.’’

गुरुवार कॉलेजने खाल्ला. सरासरीचा आकडा कसा काढला एवढंच विचारायचं होतं. चौकशीच्या खिडकीने प्रवेशाच्या खिडकीकडे पाठवलं. प्रवेशाच्या खिडकीने सांगितलं की पॅकेज हा विषय प्लेसमेंट विभागाचा, तिसरा मजला. तिसऱ्या मजल्यावर दारात एक शिपाई स्टूल टाकून बसला होता. म्हणाला, इथे पालकांना मज्जाव, फक्त कंपन्यांना प्रवेश. पालकांनी चौकशीच्या खिडकीवर जायचं. काटासाहेब म्हणाले, मी तिथूनच आलो. शिपाई म्हणाला, मग रस्ता माहीतच आहे.

आता तुम्ही-आम्ही असतो तर इथे हात टेकले असते. पण काटासाहेब हट्टाला पेटले. निरीक्षकाच्या कामाची एक रीत असते. दुकानदार खरं तोलतो का हे बघायचं तर निरीक्षक म्हणून जायचंच नाही. गिऱ्हाईक बनून जायचं, साखर मागायची, आणि पुडी हातात आली की मग ओळख द्यायची. गिऱ्हाईकाला जे मिळतं ते खरं, साहेबाला मिळतं ते दाखवायचं. ह्या दुकानाचं गिऱ्हाईक कोण? पालक नव्हे, ते नुसते पैसे देतात. गिऱ्हाईक म्हणजे कंपन्या. शुक्रवारी दुपारी लेक आणि बायको फी भरायच्या रांगेत उभ्या राहणार होत्या. ठेवीचे पैसे काढून पर्समध्ये ठेवा, पण मी आल्याशिवाय भरू नका, अशी दोघींना ताकीद देऊन ते सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

खोटं मात्र ते एक अक्षरही बोलले नाहीत. त्यांचा तसा स्वभावच नव्हता. तिसऱ्या मजल्याच्या दारात आज दुसरा शिपाई होता, त्याला ओळखपत्र दाखवलं आणि सांगितलं, ‘‘वजनमापे खातं. पडताळणीला आलोय.’’ झालं. खातं म्हणजे सरकारी, पडताळणी म्हणजे उमेदवारांची, असा अर्थ शिपायाने लावला आणि आत धावत गेला. आतून प्लेसमेंट अधिकारी जवळजवळ पळतच बाहेर आले. घामेजलेला, गोड बोलणारा माणूस. त्या वर्षी म्हणे कंपन्यांनी पाठ फिरवली होती, आणि सरकारी नोकरी दारात चालून आली हे बघून त्यांचे डोळे भरून यायचे बाकी होते.

काटासाहेबांनी त्यांचा गैरसमज ऐकला, ओळखला, आणि दूर केला नाही. पुडी अजून हातात आली नव्हती ना.

त्यांना थंडगार खोलीत बसवलं, बिस्किटं आली, पाण्याची बंद बाटली आली. बाहेर फळ्यावर खात्याचं नाव खडूने लिहिलं गेलं. आणि शेवटच्या वर्षाची मुलं एकेक करून आत यायला लागली. सगळ्यांना आव्हानं आवडत होती. सगळे संघभावनेने काम करणारे होते. सगळ्यांचा एकमेव दोष म्हणजे ते कामात फार झोकून देत. तिसऱ्या मुलानंतर काटासाहेबांच्या लक्षात आलं की सगळ्यांच्या गळ्यात टाय एकच आहे. शाईचा डाग टोकाला, बरोबर त्याच जागी. आतून बाहेर जाणारा दारातच तो उतरवून पुढच्याच्या गळ्यात घालत होता.

मग काटासाहेब विचारू लागले. चार वर्षांत फी किती झाली? खोलीचं भाडं? पुस्तकं? घरचं काही विकलं का? मुलं गोंधळली. असं कुठल्या कंपनीने कधी विचारलं नव्हतं. पण सरकारी पद्धत असेल म्हणून खरं खरं सांगायला लागली. एकाच्या वडिलांनी दुकानाचा गाळा विकलेला. एकाची बहीण शिकायची थांबलेली. एक म्हणाला, मागच्या वर्षी पास झालेला माझा भाऊ अजून घरीच आहे, पण त्याला सरासरीत नाही धरत. काटासाहेब फाईलमध्ये आकडे मांडत होते, धडे काढत होते, आणि हळूहळू वजन समोर येत होतं. आपण म्हणत होतो तेच खरं निघालं, ह्याचं जे समाधान माणसाला वाटतं ते त्यांना पुरेपूर वाटत होतं.

शेवटी एक मुलगी आली. टाय नव्हता. सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली, कर्जाचा आकडा न अडखळता सांगितला. उठताना म्हणाली, ‘‘सर, कधी कळेल? आज घरी फोन करायचाय. काय सांगू त्यांना?’’

काटासाहेबांचं पेन थांबलं. इतका वेळ ते आकडे तोलत होते, आणि ह्या पोरांनी पारड्यात काय टाकलं होतं ते त्यांना आत्ता दिसलं. नसलेली नोकरी दाखवून त्यांनी अख्ख्या वर्गाच्या तोंडून घरच्या गोष्टी काढून घेतल्या होत्या. बाजारात कुणी असं केलं असतं तर त्याच्या दुकानाला त्यांनी स्वतः सील ठोकलं असतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

ते उठले. शेजारच्या हॉलमध्ये मुलं थांबली होती, अधिकारी आभाराचं भाषण जुळवत होते. काटासाहेब सरळ समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘नोकरी नाहीये. मी कुणाला घ्यायला आलेलो नाही. माझ्या मुलीची इथली फी भरायची की नाही, ते बघायला आलोय. आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं.’’

अधिकारी खुर्चीत बसले. मग मागून तो टाय काढून हातात घेतलेला मुलगा म्हणाला, ‘‘काका, तुमचा पगार किती?’’

प्रश्न रास्त होता. काटासाहेबांनी आकडा सांगितला. भाडं, औषधं, लेकीचे क्लास, सगळा धडा काढून उरलेलं वजनही सांगितलं. ते ऐकून मुलांनी एकमेकांकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर जी दया आली ती काटासाहेबांनी वहिनींच्या दिवाणखान्यात स्वतः वापरली होती. एक तर उठून त्यांना बिस्किटांची बशी देऊन गेला.

‘‘दुकानदारांकडून वरचं काही न घेता?’’ मागून कुणीतरी विचारलं. हसू फुटलं, आणि हॉल सैल झाला. मग काटासाहेबांनी अधिकाऱ्यांना विचारलंच, साडेआठ लाख कसे आले? अधिकारी थकलेल्या आवाजात म्हणाले, ज्यांनी पगार कळवला त्यांची सरासरी. न कळवलेल्यांची कशी काढणार? आणि एक जण परदेशात गेला, त्याने फार उत्साहाने कळवलं.

ती बिनटायची मुलगी मात्र हसली नव्हती. ती जवळ येऊन म्हणाली, ‘‘तुम्ही वाईट केलंत. मी घरी काय सांगू ते अजून राहिलंच.’’ काटासाहेब म्हणाले, हो. जाता जाता त्यांनी तिला एकच विचारलं, हे सगळं माहीत असतं तर इथे आली असतीस का? ‘‘आले असते,’’ म्हणाली. ‘‘पण डोळे उघडे ठेवून आले असते.’’

काटासाहेब वळले तर हॉलच्या दारात लेक उभी. मागे बायको, पर्स छातीशी धरून. पाच वाजत आले तरी बाबा दिसेनात म्हणून त्या शोधत वर आल्या होत्या, आणि फळ्यावर खात्याचं नाव बघून लेकीला जे समजायचं ते समजलं होतं. दारात ती किती वेळ उभी होती कोण जाणे. चेहरा लाल झाला होता. बापाचं असं चारचौघांत उभं राहणं कुठल्या मुलीला आवडेल?

‘‘वजन किती भरलं?’’ तिने विचारलं.

‘‘कमी,’’ ते म्हणाले. ‘‘बरंच कमी. घातलेले पैसे परत यायला पास झाल्यावर सात वर्षं. तीसुद्धा नोकरी लगेच लागली तर.’’

बायकोने मान खाली घातली. लेक हलली नाही.

‘‘बाबा, दुकानात माल कमी भरला तर तुम्ही गिऱ्हाईकाला उपाशी घरी पाठवता?’’

‘‘नाही.’’

‘‘मग काय करता?’’

‘‘दुकानदाराला दंड करतो. आणि त्या गिऱ्हाईकाचा माल माझ्यासमोर पुरता करून द्यायला लावतो.’’

‘‘मग लावा मला,’’ लेक म्हणाली. ‘‘जेवढं कमी पडतंय तेवढं मी पुरतं करून देईन. सात वर्षं लागली तर सात. तुम्ही समोर उभे राहा.’’

काटासाहेबांनी फाईल मिटली. एवढी वर्षं दुकानदार त्यांच्यासमोर हात जोडत, सबबी सांगत, काट्याला दोष देत. कमी आहे हे मान्य करून स्वतः पुरतं करून देतो म्हणणारा एकही भेटला नव्हता. आणि जो भेटला तो घरातच निघाला. खिडकी बंद होईल, एवढंच ते म्हणाले, आणि जिन्याकडे धावले. बायकोचं वय आणि गुडघे बघता तीही बरीच धावली.

खिडकीचं दार अर्धं ओढलेलं होतं. लेकीने त्यात हात घातला, काटासाहेबांनी बायकोच्या पर्समधले पैसे पुढे सरकवले, कारकुनाने कपाळाला आठ्या घालून पावती फाडली. ठेव मोडली, पडदे गेले, जागा मिळाली. बायकोने लेकीला तिथेच जवळ घेतलं आणि ती रडली, आणि रडतेय हे लपवलंही नाही.

काटासाहेब पावती वाचत होते. शिकवणी शुल्क, प्रयोगशाळा शुल्क, वाचनालय शुल्क. सगळ्यात खाली एक ओळ होती, प्लेसमेंट शुल्क. त्यांनी ती दोनदा वाचली, फाईल काखेत मारली, आणि तिसऱ्या मजल्याकडे तोंड करून पहिली पायरी चढले.

लेकीने मागून त्यांचा दंड धरला. नेमका तोच, बुधवारचा. ते कळवळले, पण थांबले नाहीत, म्हणून मग तीही त्यांच्याबरोबर वर निघाली.